तळ्यावर एकट्यानं जायचं नाही

प्रिय चिमटा,

या नावानं तुला अलीकडे कुणी हाक मारली असेल का, याचा विचार करत मघापासून कोरा कागद पुढ्यात घेऊन बसले आहे. तिकडे कोळंबी वाढवण्याच्या केंद्रात तुला सगळे साहेब म्हणत असतील. इथे तुझ्या खिशातून कायम डोकं वर काढणारा तो चिमटा अजून सगळ्यांच्या लक्षात आहे. परवा कपाट आवरताना एक गंजलेला चिमटा सापडला, तर आपले शिपाईमामा म्हणाले, "घ्या, गडी गेला आणि स्वतःलाच इथं विसरून गेला." मी हसले. मग तो पुसला, तेल लावलं आणि माझ्या खणात ठेवला. तुझा नाही तो. तुझा सरळ टोकाचा होता, हा वाकड्या टोकाचा आहे.

फोन का केला नाही, असं विचारशील. फोनवर मी "बरं आहे ना?"च्या पुढे कधी गेलेली नाही आणि तू "हं"च्या पुढे गेलेला नाहीस. पोचल्यावर तू निरोप पाठवला होतास, त्यातही एवढंच होतं की इथलं पाणी खारं आहे. त्यावर काय उत्तर द्यायचं असतं, ते मला अजून सुचलेलं नाही.

प्रयोगशाळेत आता मी, मामा आणि अधूनमधून येणारे सर, एवढीच माणसं उरलो आहोत. शिंपल्यांवर काम करणारी ती उंच मुलगी बँकेत लागली. जाताना म्हणाली, "तुला वेड लागायच्या आत तूही नीघ." बाटल्या तेवढ्या होत्या तशाच आहेत. गोगलगायी, जळवा, पाणकिडे, कणा नसलेलं गोड्या पाण्यातलं सगळं गणगोत अल्कोहोलात बुडून फळ्यांवर ओळीनं बसलेलं आहे. सकाळी दार उघडलं की तो वास येतो आणि मला घरी आल्यासारखं वाटतं. हे काही चांगलं लक्षण नाही, कळतं मला. तुझ्या स्टुलावर मी रसायनांचे डबे ठेवले आहेत. रिकामं स्टूल दिवसभर नजरेसमोर बरं दिसत नाही.

मला इथे अजून भिंगच म्हणतात. सर परवा सूक्ष्मदर्शकाशी उभे राहून उगाच म्हणाले, "चिमटा आणि भिंग ही जोडीनंच लागणारी हत्यारं." मग त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण त्यांनी घाईनं पाण्याचं तपमान विचारलं. कुठल्या पाण्याचं, ते त्यांनाही माहीत नव्हतं.

माझ्या खोलीबद्दल सांगायचं तर खिडकी तीच आणि घरमालकीणबाईही त्याच. फक्त खिडकीत आता बरण्या आहेत, आणि बाईंना पक्का संशय आहे की मी डास पाळते. "इतकी शिकलीस आणि घरात डबकं करून ठेवलंस?" असं त्या जिन्यातूनच विचारतात. एकदा मी त्यांना हाताला धरून खिडकीशी आणलं आणि भिंगातून बघायला लावलं. त्या भिंगाला डोळा चिकटवूनच राहिल्या. मग म्हणाल्या, "अगो बाई, हिचं काळीज दिसतंय की!" तेव्हापासून त्या बरण्यांना हात लावत नाहीत, पण रोज चौकशी करतात, "तुझ्या पोरी बऱ्या आहेत ना?" दिवसभरात माझ्याशी कामाशिवाय बोललेलं ते एकच वाक्य असतं बरेचदा.

त्या पोरी म्हणजे आपल्या पाणपिसवा. तू त्यांना विसरला नसशील, तरी लिहिते. एकटं राहिलं की माणूस माहीत असलेल्या गोष्टीच पुन्हा सांगायला लागतं. टाचणीच्या डोक्याएवढा जीव, काचेसारखा आरपार, झटके देत पोहणारा. आपल्या तळ्यातल्या पाणपिसवांच्या डोक्यावर उंच, टोकदार टोप होता आणि मागे लांब काटा. तसला टोप कुठल्याच पुस्तकात नव्हता. तू टेबलावर इतक्या जोरानं थाप मारलीस की सरांचा चहा सांडला. नवी जात! आपल्या प्रयोगशाळेतून पहिल्यांदाच निघालेली.

आणि तू तिला माझं नाव दिलंस. आपल्या धंद्यात स्वतःचं नाव स्वतःच्या जिवाला देत नाहीत, दुसऱ्यानंच द्यावं लागतं, हे मला पाठ होतं. पण माझं नाव कुणी कशाला देईल, असं मी कधी मनातही आणलं नव्हतं. आमच्या घरात माझं नाव छापलेलं असं त्याआधी पदवीच्या कागदावरच होतं, आणि तेही चुकीच्या वेलांटीनं. छापील अंक आला तो दिवस आठवतो? जातीचं नाव तिरक्या अक्षरांत आणि त्याच्या मागे, रिवाजाप्रमाणे, शोधणाऱ्याचं आडनाव सरळ अक्षरांत. सरांनी चष्मा वर करून मोठ्यानं वाचलं, "नाव हिचं, आडनाव याचं. वा! लग्नपत्रिकाच छापून आली म्हणायची." शिंपलेवाली तर खोकून खोकून हसली. मी हसले की नाही, आठवत नाही. तू मात्र भिंगाची काच घेतलीस आणि पुसत बसलास. ती स्वच्छच होती. ती तू पुसत राहिलास आणि मी शेजारी उभी राहून ते बघत राहिले. त्यानंतर आपण दोघांनीही तो विषय काढला नाही. तुला नोकरी लागल्याचं सांगितलंस तेव्हाही नाही. नव्या जाती शोधून घर चालत नाही, असं तू म्हणालास, आणि ते खरंच होतं.

माझ्या बाबांना तू भेटला नाहीस. ते दुकानांचे बोर्ड रंगवतात. मी तो अंक घरी नेला, तर त्यांनी पान खिडकीशी धरलं आणि आधी अक्षरं पाहिली, अर्थ मागाहून. "ही तिरकी का?" मी म्हटलं, नियम आहे. "आणि मागचं हे सरळ?" तोही नियम आहे, शोधणाऱ्याचं आडनाव. बाबा म्हणाले, "नियम म्हणजे नियम." आई तांदूळ निवडणं थांबवून माझ्याकडे बघत होती. खूप वेळ बघत होती. मग सूप झटकून म्हणाली, "लेकीला नावं ठेवायला शेजारी कमी होते, म्हणून आता किड्यालाही लेकीचं नाव!" आत्या दुसऱ्या दिवशी आली ती तोंड वाकडं करूनच. "पिसू? अगं, फुलपाखरूबिलपाखरू काही शिल्लक नव्हतं का?"

पण बाबांनी पत्रा कापला. निळ्या जमिनीवर पिवळी अक्षरं, नाव तिरकं, आडनाव सरळ. बाहेरच्या खोलीत दारासमोर लावलाय तो. कोणी बोर्ड रंगवून घ्यायला आलं की बाबा आधी त्याच्याकडे बोट करतात. "आमच्या पोरीच्या नावाचा प्राणी आहे. जगात कुठंही गेलात तरी हेच नाव." गिऱ्हाईक विचारतं, कसला धंदा आहे हा? म्हणजे तुझं आडनाव रोज आमच्या घरात वाचलं जातं आणि तुला त्याचा पत्ताही नाही.

आता गंमत ऐक. गंमत नाही ती, पण सुरुवात अशीच करते.

तू गेल्यावर तुझ्या कपाटात तळ्यातल्या चिखलाची एक पिशवी मिळाली. वाळून पार खडखडीत झालेली. पिशवीवर तुझ्या हातची पेन्सिलीची चिठ्ठी. सर म्हणाले, टाकून दे. आपली शिस्त तुला माहीतच आहे. काठावरच सगळं अल्कोहोलात घालायचं, जिवंत काही परत आणायचं नाही. "जिवंत प्राणी हा पाहुणा असतो, पुरावा नसतो," हे सरांचं वाक्य आपण दोघंही त्यांच्याच आवाजात म्हणायचो. पण मला ती पिशवी टाकवेना. एका सुट्टीच्या दिवशी मी त्यातला थोडा चिखल बरणीत घातला, वरून उकळून गार केलेलं पाणी ओतलं आणि खिडकीत ठेवलं. काही शोधायचं नव्हतं मला. खोलीत काहीतरी हलतं असावं, एवढंच वाटलं. तुला ठाऊकच आहे, पाणपिसू एरवी एकटीच मुली जन्माला घालते, त्यांना पुन्हा मुलीच होतात, आणि तो सगळा गोतावळा पाणी असेपर्यंतचा. दिवस वाईट आले की मग नर जन्मतात, आणि जोडीनं झालेली तेवढी अंडी चिखलात टिकून राहतात, कितीही कोरड पडली तरी.

ती उबली. पाण्यात बारीक ठिपके थरथरायला लागले तेव्हा मी खोलीत एकटीच मोठ्यानं "आल्या!" म्हणाले. त्या वाढल्या, त्यांना मुली झाल्या, आणि एकीच्याही डोक्यावर टोप नव्हता. गोल डोकं. आखूड काटा. मला वाटलं, चिखलात दुसरीच जात असणार. मी बरण्या बदलल्या, पाणी बदललं, एकेक वेगळी काढून पुन्हा वाढवली. सगळ्या गोल डोक्याच्या. शंभर वर्षांपूर्वी कुणा परदेशी गृहस्थानं नोंदवलेली, जिथे तिथे सापडणारी पाणपिसू, तिच्यासारख्या. हुबेहूब. त्या जातीच्या नावाचा अर्थच मुळी 'साधी' असा आहे.

मग मला काचअळी आठवली. आपण हसायचो तिला, पाण्यात असून नसल्यासारखी, आणि पिसवा गट्ट करणारी. तळ्यात उन्हाळ्यात तिची गर्दी असायची, आणि आपण दर खेपेला उन्हाळ्यातच जायचो, कारण पाणी उतरलेलं असतं आणि आत शिरणं सोपं. इमारतीमागच्या हौदात काही काचअळ्या मिळाल्या. त्या ज्या पाण्यात होत्या ते पाणी गाळून मी एका बरणीत घातलं, फक्त पाणी. दुसरी बरणी तशीच ठेवली. दोन्हींत एकाच आईच्या मुली. जिच्यात काचअळीचा नुसता वास होता, त्या बरणीतल्यांना पुढच्या पिढीत टोप आले. उंच, टोकदार, अगदी आपल्या चित्रात आहेत तसे.

काही पिसवा असं करतात, हे आपण परीक्षेत लिहिलं होतं रे! भीतीच्या वासानं अंगाला काटे आणतात, टोप चढवतात, म्हणजे खाणाऱ्याच्या तोंडात मावायला नको. तुला त्या उत्तराला माझ्यापेक्षा जास्त मार्क होते. पण आपली स्वतःची जात नजरेसमोर असताना ते दोघांनाही आठवलं नाही. आपल्याला नवी जात हवी होती ना. जिवंत एकही घरी आणली नव्हती आणि गारठ्यात एकदाही तळ्यावर गेलो नव्हतो. माझ्या नावाची जात म्हणजे तीच जुनी साधी पिसू, घाबरलेली.

जुनं नाव आधीचं, म्हणून तेच राहणार. आपलं जाणार. आपण याला नाव बुडवणं म्हणतो. घरी हा शब्द वापरायची सोय नाही.

सरांना दाखवलं. त्यांनी एकेक बरणी पाहिली, मग खुर्चीत बसले. "स्वतःचं नाव स्वतःच्या हातानं बुडवायला निघालेली तू पहिलीच. कुणी बघायला येणार नाही, ठाऊक आहे ना? एवढंसं तळं, एवढासा जीव." मी म्हटलं, कुणी येणार नाही म्हणूनच मी लिहायला हवं, नाहीतर ते खोटं तसंच राहील. ते माझ्याकडे पाहून हसले. मला आवडलं नाही ते हसणं, लहान मुलीला हसावं तसं होतं. पण मग लगेच म्हणाले, "बरणीतलं बरणीपुरतं. गारठ्यात, काचअळ्या नसताना, तळ्यातून ताजी आण. त्याच तळ्यात तेव्हा गोल डोक्याच्या मिळाल्या, तर लिही." दारापर्यंत गेले आणि वळले. "आणि एकटीनं जायचं नाही."

तो नियम मी कशी विसरेन? तळाशी गाळ, पाय ठेवला की पोटरीपर्यंत आत. एकानं कमरेला दोर बांधून जाळी घेऊन उतरायचं, दुसऱ्यानं काठावर दोर धरायचा. वजनानं हलकी म्हणून मी नेहमी पाण्यात आणि तू काठावर. माझा पाय रुतला होता त्या खेपेनंतर तू दोर हातात धरायचा सोडून मनगटाला गुंडाळायला लागलास. वळ उठायचे. मी विचारलं तर म्हणालास, दोर खरखरीत आहे. तू गेल्यापासून मी तळ्यावर गेलेले नाही.

मागच्या आठवड्यात घरी जाऊन बाबांना सांगितलं. पत्र्याकडे पाठ करून सांगितलं, समोर बघून जमलं नसतं. आत्याही नेमकी तिथंच. ती म्हणाली, "म्हणजे पोरगी नापास झाली?" आई तिला म्हणाली, "वन्सं, तुम्ही चहा घ्या." बाबांनी ब्रश पुसून बाजूला ठेवला. मग विचारलं, "मग आता पाटी उतरवायची?" मी सांगितलं की बुडालेलं नाव पुसत नाहीत. जुनं नाव वर येतं आणि त्याच्याखाली, थोडं आत सरकवून, आपलं लिहितात. मागे तेच आडनाव. पुढे कुणीही या पिसूवर लिहिलं, तर खालची ती ओळ त्याला लिहावी लागते. बाबा उठले, पत्र्याशी गेले, वरच्या कडेला बोटं लावून पाहिली. "वर जागाच सोडली नाही गं मी," असं म्हणाले, आणि त्यांचा आवाज असा झाला की आई उठून आत गेली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "छापून येऊ दे. कच्च्या मजकुराला मी ब्रश लावत नाही. आलं की दुसरा पत्रा कापू, मोठा." निघताना मी चपला घालत होते तर बाबांनी हळूच विचारलं, "आणि ते आडनाव खाली राहीलच ना?" राहील, म्हटलं.

आता हे पत्र का लिहिलं ते सांगते. ज्यानं नाव दिलं त्याला, ते बुडवण्याआधी, कळवायचं, ही आपल्यातली रीत आहे, ती पाळली. चूक ज्यांची त्यांनीच सुधारावी, म्हणून लेखावर आपली दोघांची नावं घातली आहेत. तुला नको असेल तर कळव, काढेन. दोर धरायला माणूस मात्र मिळालेलं आहे. मामा म्हणाले, "मला पोहता येत नाही, पण ओरडता झकास येतं. दोर सोडणार नाही, काळजी करू नका." ते खरंच यायला तयार आहेत, त्यामुळे काम अडलेलं नाही. तुझी गरज आहे म्हणून हे लिहिलेलं नाही, एवढंच लिहायचं होतं, आणि त्याला इतकी पानं लागली. गारठा सरायच्या आत, येत्या रविवारनंतरच्या रविवारी सकाळी आम्ही निघू, नेहमीच्या बाजूनं, वाकलेल्या झाडापाशी. उत्तर पाठवू नकोस, तुला ते जमत नाही. मी दोर बांधून पाण्यात उतरेन आणि मागे वळून बघणार नाही. काठावर कोण आहे ते मला दोर ताणला गेला की कळेल.

त्याच तळ्याची आणि तुझीच,

भिंग